‘हिअरबाय’ : बोलणे आणि करणे

इंग्रजी भाषा आपल्या घरात दोन वाटांनी आली. एक वाट शाळेची व पुस्तकांची, दुसरी कचेरीची. पहिल्या वाटेने आलेले शब्द आपण शिकलो, त्यांचे अर्थ पाठ केले, त्यांवर परीक्षाही दिल्या. दुसऱ्या वाटेने आलेल्या शब्दांखाली आपण नुसत्या सह्या करीत आलो. ‘हिअरबाय’ हे क्रियाविशेषण ह्या दुसऱ्या वाटेचे. नोकरीच्या अर्जाच्या शेवटी ते असते, बँकेच्या फॉर्मवर असते, मृत्युपत्रात असते, जाहीर नोटिशीत असते. बोलण्यात मात्र ते सहसा ऐकू येत नाही. इंग्रज माणूसही घरी जेवताना हा शब्द उच्चारणार नाही, आणि उच्चारलाच तर घरची मंडळी ती थट्टा समजतील. असा हा कागदावर राहणारा शब्द. परंतु त्याची ताकद कागदाबाहेर चालते, आणि ती कशी, हे सांगण्याचा येथे प्रयत्न आहे.

निमित्त घडले ते असे. आमचे एक वृद्ध स्नेही एके दिवशी सकाळी इंग्रजी मसुद्याचा एक कागद घेऊन आले. गावातील आपल्या घराशेजारची मोकळी जागा पुतण्याला देऊन टाकावी, असे त्यांनी ठरविले होते. मसुदा कोणा ओळखीच्या माणसाने करून दिला होता. कागद पुढे करून ते म्हणाले, “एवढे मराठीत करून द्या. आपण काय लिहून देतो ते आपल्याला कळले पाहिजे. आणि हा ‘हिअरबाय’ शब्द तीन ठिकाणी आहे, त्याला काही अर्थ दिसत नाही. गाळला तर चालेल ना?” आम्ही कागद वाचला. वाक्य होते, ‘आय हिअरबाय ॲग्री टू गिफ्ट’. आम्ही म्हणालो, “शब्द असू द्या. पण त्याच्या लगेच पुढे क्रियापद कोणते आहे, ते आधी पाहू.” त्यांना ह्या उत्तराचे नवल वाटले. वाचकांनाही वाटेल; म्हणून मुळापासून सुरुवात करू.

शब्दाची फोड अगदी सोपी आहे. ‘हिअर’ म्हणजे येथे, ह्यात. ‘बाय’ म्हणजे च्या योगे, च्याद्वारे. दोन्ही मिळून अर्थ झाला ‘ह्यायोगे’, ‘याद्वारे’. इंग्रजीत ह्या घराण्याचे अनेक शब्द आहेत. ‘हिअरविथ’ म्हणजे ह्यासोबत, ‘हिअरइन’ म्हणजे ह्यात, ‘हिअरआफ्टर’ म्हणजे ह्यापुढे. जुन्या इंग्रजीत ‘हिअरबाय’चा आणखी एक अर्थ होता : ‘येथेच जवळ’. शेक्सपिअरच्या ‘लव्ज लेबर्स लॉस्ट’ ह्या नाटकात तो शब्द ह्या अर्थाने आला आहे. तो अर्थ पुढे लोपला, आणि ‘याद्वारे’ एवढाच उरला.

पण ‘याद्वारे’ म्हणजे कशाद्वारे? सारी मेख ह्या प्रश्नात आहे. ‘हिअर’ ह्या शब्दाचे बोट त्या कागदाकडे, किंबहुना त्या वाक्याकडेच वळलेले असते. ‘आय हिअरबाय रिझाइन’ असे एखाद्याने लिहिले, म्हणजे तो म्हणतो की, ‘मी राजीनामा देत आहे, आणि तो अन्य कोणत्या कृतीने देत नसून हे जे वाक्य मी लिहीत आहे त्याच्याच योगाने देत आहे’. वाक्य आपल्या स्वतःकडे बोट दाखवून सांगते की, हे काम करणारे साधन मीच.

आता वाक्ये किती प्रकारची असतात ते पाहू. ‘नदीला पूर आला’ हे वाक्य एक हकीगत सांगते. ती खरी असेल किंवा खोटी असेल. आपण घाटावर जाऊन पाहू शकतो. परंतु ‘मी तुला शब्द देतो’ हे वाक्य कशाची हकीगत सांगते? शब्द देण्याची क्रिया आधी कोठे तरी होऊन गेली व आता तिची बातमी सांगितली, असे येथे नाही. ते वाक्य उच्चारणे हेच शब्द देणे होय. अशा वाक्याला खरे किंवा खोटे म्हणता येत नाही. ते पाळले जाते किंवा मोडले जाते. पहिल्या प्रकारची वाक्ये सांगणारी, दुसऱ्या प्रकारची करणारी.

हा भेद जे. एल. ऑस्टिन ह्या ऑक्सफर्डच्या तत्त्वज्ञाने पद्धतशीर मांडला. १९५५ साली त्याने अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात ह्या विषयावर व्याख्याने दिली. १९६० साली तो वारला, आणि १९६२ साली ती व्याख्याने पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. करणारे वाक्य ओळखावे कसे, ह्यासाठी त्याने ज्या खुणा तपासल्या त्यांत आपला ‘हिअरबाय’ हा शब्द आहे. क्रियापदाच्या आधी तो घालून पाहावा. ‘मी याद्वारे वचन देतो’ हे शोभते. ‘मी याद्वारे राजीनामा देतो’, ‘मी याद्वारे सभा तहकूब करतो’ हेही शोभते. परंतु ‘मी याद्वारे जेवतो’ असे म्हटले तर ऐकणारा हसेल. कारण जेवण वाक्याने होत नाही, त्याला पान मांडावे लागते. आणखी एक गंमत अशी की, अपमान शब्दांनीच होतो, तरीही ‘मी याद्वारे आपला अपमान करतो’ असे म्हणून तो होत नाही. म्हणजे शब्दांनी घडणारी प्रत्येक गोष्ट ह्या खुणेत बसते असे नाही. जी गोष्ट उघडपणे, नाव घेऊन, समाजाने मान्य केलेल्या रीतीने करता येते, तिलाच हा शब्द मानवतो.

ह्यावरून व्याकरणाचे नियमही उलगडतात. हा शब्द वर्तमानकाळाशी नांदतो. ‘मी याद्वारे काल वचन दिले’ हे जुळत नाही, कारण कालची क्रिया आजच्या वाक्याने होत नसते. ‘मी याद्वारे पुढच्या महिन्यात वचन देईन’ हेही जुळत नाही. कर्त्यानंतर व क्रियापदाआधी त्याची जागा. भर द्यावयाचा असेल तेव्हा ‘डू हिअरबाय’ अशी जोडी होते. कर्मणी प्रयोगात ‘आर हिअरबाय इन्फॉर्म्ड’ असे रूप येते, आणि नोटिशीतील ‘सर्व संबंधितांस याद्वारे कळविण्यात येते की’ हे मराठी वाक्य त्याच घाटाचे आहे.

हा सारा विचार परदेशी आहे असे मात्र कोणी समजू नये. आपल्या धर्मविधींतून तो फार पूर्वीपासून वावरत आहे. पूजेच्या आरंभी यजमान संकल्प करतो, तेव्हा क्रियापद ‘करिष्ये’ असे भविष्यकाळी असते. त्याने पूजा झाली असे कोणी मानीत नाही. करण्याचा निश्चय तेवढा जाहीर झाला. दान देताना मात्र ‘संप्रददे’ असे वर्तमानकाळी म्हणतात, ‘न मम’ म्हणतात, आणि हातावरून उदक सोडतात. त्या क्षणी वस्तू दात्याची राहिली नाही. मराठी भाषेने ही खूण नीट जपून ठेवली आहे. एखाद्या हक्काचा कायमचा त्याग केला, तर आपण ‘त्यावर पाणी सोडले’ असे म्हणतो. इंग्रजी दस्तऐवजातील ‘हिअरबाय’ म्हणजे शाईने सोडलेले उदक होय, असे म्हटले तर अर्थ ध्यानात राहील.

व्यवहारातही हा भेद आपल्या नित्य परिचयाचा आहे. जागा विकत घेताना आधी साठेखत होते व मग खरेदीखत. साठेखतात विकण्याचा करार असतो, खरेदीखतात विक्री असते. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ५४ व्या कलमात स्पष्ट सांगितले आहे की, विक्रीच्या कराराने त्या मालमत्तेत आपोआप कोणताही हक्क निर्माण होत नाही. ज्याच्यापाशी साठेखत आहे त्याला समोरच्याकडून खरेदीखत करून मागता येईल. परंतु केवळ त्या कागदावर तो मालक झाला नाही. ‘विकीन’ आणि ‘विकले’ ह्यांमधले अंतर ज्याने कधी घर घेतले आहे त्याला समजावून सांगावे लागत नाही.

एवढ्याशा अंतरावर केवढे मोठे प्रकरण उभे राहू शकते, ह्याचे उदाहरण अमेरिकेत घडले. स्टॅनफर्ड विद्यापीठात १९८८ साली एक तरुण संशोधक दाखल झाला. त्याने विद्यापीठाला लिहून दिले की, आपले शोधावरील हक्क आपण विद्यापीठाच्या नावे करून देण्याचे कबूल करतो. इंग्रजीत शब्द होते, ‘ॲग्री टू असाइन’. पुढे पीसीआर हे तंत्र शिकण्यासाठी त्याला सीटस नावाच्या कंपनीच्या प्रयोगशाळेत पाठविण्यात आले. डीएनएच्या अत्यल्प अंशाच्या असंख्य प्रती काढण्याचे हे तंत्र त्याच कंपनीत विकसित झाले होते. आत येण्याची अट म्हणून कंपनीने एक कागद पुढे केला, आणि त्याने सही केली. त्या कागदातील शब्द होते, ‘विल असाइन अँड डू हिअरबाय असाइन’. म्हणजे ‘नावे करून देईन, आणि याद्वारे करून देत आहे’.

तेथे काही महिने काम करून त्याने सीटसच्या मंडळींसह रुग्णाच्या रक्तातील एचआयव्ही विषाणूंचे प्रमाण मोजण्याची एक पद्धत बसविली. एड्सच्या उपचाराचा गुण येतो की नाही, हे समजण्यासाठी अशा मोजणीचा फार उपयोग. संशोधक विद्यापीठात परतला, पुढील चाचण्या झाल्या, आणि विद्यापीठाने पेटंटे मिळविली. इकडे १९९१ साली सीटसचा पीसीआरचा व्यवसाय रोश ह्या कंपनीने विकत घेतला व तिने एचआयव्ही मोजण्याचे संच बाजारात आणले. २००५ साली विद्यापीठाने रोशवर पेटंटभंगाचा दावा लावला. रोशचे उत्तर असे की, ‘भंग कसला? आम्हीही मालकच आहोत.’

पेटंटांची अपिले ऐकणाऱ्या न्यायालयाने २००९ साली दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले. विद्यापीठाचा कागद आधीचा होता खरा. परंतु त्यात पुढे करून देण्याचे वचन होते. कंपनीच्या कागदात ‘हिअरबाय’ होता, वर्तमानकाळ होता. त्यामुळे देण्याची क्रिया तेथेच पुरी झाली, आणि शोध अस्तित्वात येताच त्यावरील हक्क दुसऱ्या कागदाच्या ओघाने कंपनीकडे गेला. साठेखत आधीचे, खरेदीखत नंतरचे. पण मालकी खरेदीखताने गेली, असा हा न्याय. विद्यापीठ सर्वोच्च न्यायालयात गेले. तेथे वाद मुख्यतः एका निराळ्या मुद्द्यावर झाला : सरकारी पैशाने झालेल्या संशोधनाची मालकी १९८० च्या एका कायद्याने आपोआप विद्यापीठाकडे जाते काय? २०११ च्या जूनमध्ये न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी ‘जात नाही’ असा निर्णय दिला. न्यायमूर्ती ब्रायर ह्यांनी आपल्या विरोधी निकालपत्रात, दोन वाक्प्रयोगांतील एवढ्या बारीक भेदावर एवढा मोठा परिणाम का अवलंबून असावा, अशी शंका व्यक्त केली. ती शंका रास्त आहे. तरीही कागदावर सही करणाऱ्याने ह्यातून धडा घ्यावयाचा तो घेतलाच पाहिजे.

अमेरिकेतील हे प्रकरण एका पेटंटापुरते होते. आपल्या देशात ह्याच शब्दाने त्याहून फार मोठे काम केले आहे. भारतीय संविधानाच्या उद्देशिकेतील इंग्रजी वाक्य डोळ्यांपुढे आणा. आरंभी ‘आम्ही’ लोक, मग संकल्पपूर्वक केलेला निर्धार, मग २६ नोव्हेंबर १९४९ ही तारीख, आणि शेवटी ‘डू हिअरबाय’. अधिकृत मराठी भाषांतरात तेथे ‘याद्वारे’ हा शब्द आहे, हिंदीत ‘एतद्द्वारा’. आधी संकल्प, मग अर्पण, असा आपल्या दानविधीचाच क्रम तेथे दिसतो. ते वाक्य संविधानाविषयी माहिती सांगत नाही. त्या वाक्याने संविधान अंगीकारले जाते. शाळाशाळांतून मुले ते म्हणतात, तेव्हा ‘याद्वारे’ ह्या शब्दावर क्षणभर थांबून त्याचा अर्थ कोणी त्यांना सांगितला, तर पाठांतराला जीव येईल.

आणि मूळ संविधानाचे शेवटचे कलम, ३९५ वे, पाहा. १९४७ चा भारतीय स्वातंत्र्य अधिनियम व १९३५ चा भारत सरकार अधिनियम हे ब्रिटिश पार्लमेंटने केलेले कायदे त्या कलमाने रद्द झाले, आणि तेथेही शब्द आहेत ‘आर हिअरबाय रिपील्ड’. ज्या स्वातंत्र्य अधिनियमाच्या आधाराने संविधानसभा कायदेशीरपणे काम करीत होती, तोच तिने ह्या वाक्याने दूर केला. मंजुरीसाठी मसुदा लंडनला पाठविला नाही. आरंभीच्या ‘हिअरबाय’ने घेतले, शेवटच्याने टाकले. बहुतेक कलमे २६ जानेवारी १९५० रोजी अंमलात आली. पण अंगीकार २६ नोव्हेंबरलाच झाला होता.

येथे एक गैरसमज होण्याचा संभव आहे. हा शब्द म्हणजे मंत्र, तो घातला की काम झाले, असे कोणी मानील. तसे नाही. ह्याच संविधानाचे १७ वे कलम अस्पृश्यता नष्ट करते, पण त्यात ‘हिअरबाय’ नाही. त्याने कलमाचे बळ कणभरही कमी झालेले नाही, कारण बोलणाऱ्याला तो अधिकार होता. आजचे कित्येक इंग्रजी मसुदाकार तर हा शब्द शक्य तेथे गाळावा असेच सांगतात. उलट अधिकार नसेल तर शब्द शंभर वेळा लिहूनही काही होत नाही. शेजाऱ्याचे घर मी ‘याद्वारे’ विकू शकत नाही. माझे स्वतःचे घरही नुसत्या शब्दाने विकले जाणार नाही. त्या दस्ताची नोंदणी व्हावी लागते. योग्य माणूस, योग्य रीत आणि योग्य शब्द हे तिन्ही जमले म्हणजे वाक्य काम करते. ‘हिअरबाय’ एवढेच करतो की, वाक्य काम करू पाहत आहे ह्याबद्दल संशय ठेवीत नाही.

दुसरी मर्यादा अधिक महत्त्वाची. हा शब्द ज्या क्रियापदाला चिकटलेला असतो, तेवढीच क्रिया तो घडवितो. अर्जाच्या शेवटी तरुण मुले लिहितात की, ‘वरील माहिती खरी आहे असे मी याद्वारे जाहीर करतो’. ह्या वाक्याने जाहीर करणे घडले. माहिती खरी होणे घडले नाही. माहिती खोटी निघाली तर ‘मी सहज म्हणालो होतो’ असे म्हणण्याची सोय मात्र राहिली नाही. प्रतिज्ञापत्रात आपण ‘सत्यप्रतिज्ञेवर कथन करतो की’ असे लिहितो, त्यातील जबाबदारी हीच.

रोजच्या लेखनातील दोन चुकाही सांगून ठेवू. पत्रासोबत दाखले जोडताना पुष्कळ लोक ‘हिअरबाय’ लिहितात. दाखले वाक्याने जोडले जात नाहीत, टाचणीने जोडले जातात. तेथे ‘हिअरविथ’, म्हणजे ‘यासोबत’, हा शब्द हवा. आणि ‘त्याने रात्रंदिवस मेहनत केली व त्यायोगे कर्ज फेडले’ असे सांगावयाचे असेल तर ‘देअरबाय’ हवा, कारण येथे साधन आहे ती मेहनत. हे वाक्य नव्हे.

मराठीत ह्या शब्दासाठी ‘याद्वारे’ रूढ झाला आहे व तो चांगला आहे. पण तो नव्हता तेव्हा आपले लेखनिक अडले होते काय? मुळीच नाही. मराठीत ‘देतो’ हे रूप मोठे लबाड आहे. ‘उद्या देतो’ म्हणणाऱ्या ऋणकोचा अनुभव सर्वांना आहे. वर्तमानकाळी क्रियापदात भविष्यकाळ दडलेला असतो. म्हणून आपला दस्तलेखक आरंभी ‘कारणे खरेदीखत लिहून देतो’ असे म्हणे, आणि शेवटी ‘हे खरेदीखत लिहून दिले असे’ असा भूतकाळ घालून दार लावून घेई. देणे आणि दिले ह्यांत फट राहू नये, ही त्याची काळजी. इंग्रजीने जे काम एका क्रियाविशेषणावर सोपविले ते मराठीने क्रियापदाच्या रूपाने करून घेतले.

आता पुन्हा आमच्या स्नेह्यांच्या कागदाकडे. ‘आय हिअरबाय ॲग्री टू गिफ्ट’ ह्या वाक्यात ‘हिअरबाय’ होता, पण तो ‘कबूल करतो’ ह्या क्रियापदाला चिकटला होता, ‘देतो’ ह्याला नव्हे. त्या वाक्याने कबुली घडली असती. जागा जेथल्या तेथे राहिली असती. आम्ही हे सांगितले तेव्हा ते बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “म्हणजे मी दिले म्हणून निश्चिंत झालो असतो, आणि माझ्यामागे पोराला कळले असते की काका देणार होते.” त्यांना तो मसुदा वकिलांकडे नेण्यास आम्ही सांगितले. रीतसर बक्षीसपत्र झाले, दोन साक्षीदारांच्या सह्या झाल्या, पुतण्याने ते स्वीकारले आणि दस्ताची नोंदणी झाली.

सही करण्यापूर्वी वाचावे, असे सर्वच सांगतात. आमचे सांगणे त्याहून थोडे नेमके आहे. कागदात ‘हिअरबाय’ किंवा ‘याद्वारे’ दिसला की तेथे बोट ठेवावे आणि त्याच्या पुढचे क्रियापद मोठ्याने वाचावे. आपल्या सहीने नेमके काय घडणार आहे ते तेथे लिहिलेले असते. उदक सोडण्यापूर्वी हातावर काय ठेवले आहे ते पाहून घेणे, हा आपला जुनाच रिवाज आहे.